एकाच घरात ‘मलय’ आणि ‘इंडियन’: केपटाऊनच्या मुसलमानांची रकान्यातली वाटणी

कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांत एखादा तरी नातेवाईक ‘आफ्रिकावाला’ म्हणून ओळखला जातो. कुणाच्या पणजोबांचा भाऊ, कुणाच्या आजीचा मामा, तरुणपणी बोटीत बसून गेला आणि तिकडचाच झाला. आता त्या घरातल्या नातवंडांच्या लग्नाचे, ईदचे फोटो मोबाईलवर येतात. इकडची मंडळी चष्मा पुसून चेहरे निरखतात. एक मुलगा अगदी आपल्या मोहल्ल्यातला वाटावा असा, शेजारी उभी असलेली त्याची बहीण इंडोनेशियातल्या मुलीसारखी, तर मागच्या चुलतभावाचे केस दाट कुरळे. मग कुणीतरी सहज विचारतं, “ही मंडळी आता नक्की कोण म्हणायची? आपली की तिकडची?”

आपल्या घरात हा प्रश्न गमतीने विचारला जातो. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो सरकारने कायद्याने विचारला, आणि तब्बल चाळीस वर्षं विचारत राहिलं. उत्तर एका रकान्यात लिहिलं जायचं. त्या रकान्यावरून ठरायचं की माणसाने कुठल्या वस्तीत राहायचं, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, कुणाशी लग्न करायचं आणि मत द्यायचं की नाही. ज्यांच्या अंगात दोन-चार देशांचं रक्त होतं, त्यांची या रकान्यात सगळ्यात जास्त ओढाताण झाली. त्यात केपटाऊनचे मुसलमान होते, आणि त्यांच्यात मिसळून गेलेले आपले कोकणी मुसलमानही होते.

ही वाटणी कशी झाली, तिचे नियम काय होते आणि ती मोडल्यावर मागे काय उरलं, ते समजून घेऊ या.

केपचे मुसलमान आले कुठून?

सतराव्या शतकाच्या मध्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला ठाणं वसवलं. कामाला माणसं हवी होती, म्हणून गुलाम आणले. ते फक्त आफ्रिकेतून आले नाहीत. इंडोनेशियाच्या बेटांवरून आले, मादागास्कर आणि मोझांबिकमधून आले. बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरूनही आले. गुलामांना मालक नावं द्यायचे तीही ठिकाणावरून. ‘फान बेंगालेन’ म्हणजे बंगालचा, ‘फान मलबार’ म्हणजे मलबारचा.

याच कंपनीने आपल्याला विरोध करणाऱ्या आलिमांना आणि सरदारांनाही कैदी म्हणून केपला पाठवलं. मकासरचे शेख युसूफ १६९४ मध्ये आले. तिदोर बेटावरचे इमाम अब्दुल्लाह, ज्यांना लोक तुआन गुरू म्हणतात, ते १७८० मध्ये कैदी म्हणून आले आणि रॉबेन बेटावर ठेवले गेले. त्यांनी पाठांतरावरून अख्खं कुरआन शरीफ लिहून काढलं. सुटल्यावर मदरसा काढला, आणि १७९४ च्या सुमारास डॉर्प स्ट्रीटवर अव्वल मशीद उभी राहिली. ती जागा मूळची कोरिडॉन फान सिलोन या मुक्त झालेल्या गुलामाची. पुढे ती त्याच्या घरातल्या सार्की फान द काप या स्त्रीच्या नावावर आली. ही दोन नावं बघा. एक जण ‘सिलोनचा’ आणि त्याच्याच घरातली पुढची पिढी ‘केपची’. एका पिढीत माणूस दुसऱ्या मातीचा झाला.

या वस्तीत इंडोनेशियाचे, भारताचे, आफ्रिकेचे आणि युरोपचे लोक मिसळत गेले. लग्नं झाली. मालकांनी गुलाम स्त्रियांवर जबरदस्तीही केली आणि त्यातूनही मुलं जन्मली. इस्लामने या सगळ्यांना एक छत दिलं. गोऱ्यांच्या जगात ज्याला आडनाव नव्हतं, त्याला मशिदीत नाव मिळालं, निकाह मिळाला, जनाजा मिळाला. सुरुवातीच्या काळात मलय भाषा सगळ्यांना समजायची म्हणून या मुसलमानांना सरसकट ‘मलय’ म्हटलं जाऊ लागलं. ज्याचे पूर्वज बंगालचे तोही मलय, ज्याचे मोझांबिकचे तोही मलय. आजही तिथे ईदला ‘लबारंग’ आणि रोजाला ‘प्वासा’ म्हणतात. हे शब्द इंडोनेशियाचे आहेत, पण बोलणाऱ्यांच्या रक्तात अर्धी दुनिया आहे.

म्हणजे ‘मलय’ हे मुळात वंशाचं नाव नव्हतंच. त्याचा व्यवहारातला अर्थ होता केपचा मुसलमान. तसल्याच मिश्र घरातला माणूस ख्रिस्ती असेल तर त्याला ‘कलर्ड’ म्हणत. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे सरकारने याच फरकाला वंश म्हणून शिक्का मारला.

कोकणातून गेलेली माणसं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले मुसलमान केपटाऊनला जाऊ लागले. जाणारे बहुतेक पुरुष. कुणी भाजी-फळं विकली, कुणी कोपऱ्यावर किराणा दुकान टाकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने भारतीयांचं येणं कायद्याने आवळलं. गावी येऊन परत जायचं तर फोटो लावलेला परवाना काढावा लागे. बायको-मुलांना नेणं सगळ्यांना जमत नव्हतं.

मग काय झालं असेल, ते सांगायला नको. गावी बायको असो वा नसो, अनेकांनी तिथल्या मुस्लिम मुलींशी निकाह केला. अडचण फारशी नव्हती. कोकणी मुसलमान शाफई, केपचे मुसलमानही बहुतांशी शाफई. नमाज एकसारखी आणि भात-मासळीची आवडही सारखी. घरात कोकणी बोलणारा बाप आणि आफ्रिकान्स बोलणारी आई. मुलं अर्थात आईची भाषा आधी शिकली. तरी केपटाऊनच्या काही घरांत कोकणी बोली टिकून राहिली, हे भाषा-अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे.

आणि गंमत अशी की, हे कोकणी मुसलमान स्वतः तरी ‘शुद्ध’ कुठे होते? आपल्याकडची परंपरा सांगते की अरबी व्यापारी किनाऱ्यावर उतरले, इथल्या मुलींशी निकाह केले आणि त्यातून कोकणी मुस्लिम घराणी वाढली. जंजिऱ्याच्या परिसरात तर हबशी सिद्दींचं राज्य होतं, म्हणून त्या भागाला हबसाण म्हणत. म्हणजे केपटाऊनला उतरलेला कोकणी माणूस आधीच एका जुन्या मिश्रणाचा वारस होता. त्याचं हे मिश्रण जुनं झालेलं, म्हणून कुणी विचारत नव्हतं इतकंच.

१९५० चा कायदा

१९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेदाचं धोरण कायद्यांत उतरू लागलं. १९४९ मध्ये गोऱ्या आणि बिगरगोऱ्यांच्या लग्नावर बंदी आली. १९५० मध्ये त्यांच्यातल्या शरीरसंबंधांवरची बंदी आणखी कडक झाली. त्याच वर्षी लोकसंख्या नोंदणी कायदा आला. बाकीच्या सगळ्या कायद्यांचा पाया हाच. कारण लोकांना वेगळं करायचं तर कोण कुठल्या गटातला, हे आधी कागदावर यायला हवं.

कायद्याने तीन मोठे गट केले: गोरे, आफ्रिकी, ज्यांना त्या काळी ‘नेटिव्ह’ म्हणत, आणि कलर्ड. यात कलर्डची व्याख्या फार बोलकी आहे. जो गोराही नाही आणि नेटिव्हही नाही, तो कलर्ड. म्हणजे त्या गटाला स्वतःची काही ओळखच दिली नव्हती. दोन डबे भरून झाल्यावर उरलेलं सगळं तिसऱ्यात टाकायचं, असा प्रकार.

गोऱ्याची व्याख्याही तशीच घसरडी होती. जो दिसायला उघडपणे गोरा आहे किंवा ज्याला लोक गोरा मानतात, तो गोरा. पण दिसायला गोरा असूनही लोक त्याला कलर्ड मानत असतील तर तो गोरा नाही. थोडक्यात, शेजाऱ्यांचं मत हाच पुरावा. पुढे १९६२ मध्ये दुरुस्ती होऊन माणसाचं बोलणं, वागणं, शिक्षण, चालीरीती याही गोष्टी बघायचं ठरलं. रक्ताचा कायदा म्हणून जो मिरवला गेला, तो खरं तर कपडे आणि बोलीचा कायदा होता.

१९५९ मध्ये कलर्ड गटाचे आणखी पोटगट पाडले: केप कलर्ड, मलय, ग्रिक्वा, इंडियन, चिनी, इतर आशियाई आणि इतर कलर्ड. इथे केपटाऊनच्या मुस्लिम घरांत भिंत उभी राहिली. आई मलय, बाप इंडियन. मुलं कोण?

पेन्सिल आणि कारकून

१९५१ च्या जनगणनेच्या आधारे नोंदी झाल्या. ज्यांच्याबद्दल शंका, त्यांची तपासणी व्हायची. नखं, पापण्या, नाकाची ठेवण बघायचे. सगळ्यात कुप्रसिद्ध ठरली पेन्सिलची परीक्षा. केसांत पेन्सिल खोचायची. ती घसरून पडली तर एक गट, अडकून राहिली तर दुसरा. ऐकायला विनोद वाटतो, पण त्या पेन्सिलवर घर, नोकरी आणि मुलांची शाळा टांगलेली असायची. निकाल मान्य नसेल तर वंशनिश्चिती मंडळाकडे अपील करता यायचं. आणि तिसऱ्याच माणसाला, म्हणजे एखाद्या शेजाऱ्यालाही, “हा गोरा नाही” अशी हरकत घेता यायची.

सँड्रा लेंग हिचं प्रकरण जगभर गाजलं. तिचा जन्म १९५५ चा. आई-वडील दोघेही कागदावर गोरे, घराणंही गोऱ्यांचं. पण मुलीचा रंग सावळा आणि केस कुरळे. दहा वर्षांची असताना, १९६६ मध्ये, तिला गोऱ्यांच्या शाळेतून पोलिसांकरवी घरी पाठवलं आणि नोंद ‘कलर्ड’ अशी बदलली. वडील कोर्टात लढले. १९६७ मध्ये कायदा बदलला, आई-वडील गोरे तर मूल गोरं असं ठरलं, आणि ती कागदावर पुन्हा गोरी झाली. पण तोवर गोऱ्या समाजाने तिला टाकलं होतं. तरुणपणी ती एका काळ्या माणसासोबत निघून गेली आणि मग तिने स्वतःच पुन्हा ‘कलर्ड’ म्हणून नोंद मागितली, कारण स्वतःच्या मुलांसोबत राहायचं होतं. एक बाई, तीच कातडी, तेच केस. कागद मात्र पुन्हा पुन्हा बदलत राहिला.

त्याच देशात चिनी माणूस कलर्डच्या पोटगटात होता, पण जपानशी व्यापार हवा होता म्हणून जपानी पाहुण्यांना गोऱ्यांच्या सवलती मिळत. वंश रक्तात असता तर तो व्यापाराने बदलला नसता.

घर कुणाच्या नावावर, वस्ती कुणाच्या गटाची

१९५० मध्येच गट विभाग कायदाही आला. शहराचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एका गटाला दिला. केपटाऊनमध्ये बो-काप ही वस्ती मलयांसाठी ठरवली गेली. इंडियन म्हणून नोंदलेल्यांना रायलंड्स आणि क्रेव्हनबी या वस्त्या दिल्या. कलर्ड म्हणून नोंदलेल्यांना शहराबाहेरच्या वाळूच्या सपाट माळावर, ज्याला केप फ्लॅट्स म्हणतात, तिथे पाठवलं.

आता समजा, एक कोकणी माणूस आहे. तीस वर्षं बो-कापच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे. बायको तिथलीच, मलय. सासू शेजारच्या गल्लीत. मुलं समोरच्या मशिदीत कुरआन शिकतात. एके दिवशी कागद सांगतो की नवरा इंडियन, म्हणून त्याची वस्ती वेगळी. बायकोने नवऱ्याबरोबर जायचं तर आईला सोडायचं. मोठ्या मुलाचा रंग बापावर गेला, त्याची नोंद इंडियन. धाकटीचं नाव आजीच्या घरून लागलं, ती मलय. एका दस्तरखानावर जेवणारी माणसं सरकारी दप्तरात दोन वंशांची झाली. ही कहाणी मी उदाहरण म्हणून रचली आहे, पण सख्ख्या भावंडांची वेगवेगळ्या गटांत नोंद होणं हे त्या देशात अनेक घरांत खरोखर घडलं.

डिस्ट्रिक्ट सिक्स ही तर सगळ्या गटांची मिळून असलेली वस्ती होती. मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी, कलर्ड, इंडियन, आफ्रिकी, सगळे एकमेकांच्या दाराशी. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ती ‘फक्त गोऱ्यांसाठी’ जाहीर केली. पुढच्या काही वर्षांत ६० हजारांहून जास्त माणसांना तिथून उठवलं आणि घरांवर बुलडोझर फिरवला. प्रार्थनास्थळं तेवढी पाडली नाहीत. मोकळ्या माळावर मशिदी उभ्या राहिल्या, आणि केप फ्लॅट्सला फेकलेली माणसं दूरवरून जुम्म्यासाठी तिथेच येत राहिली. घर गेलं, शेजार गेला, पण सफ सुटली नाही.

एका वर्षात वंश बदललेली माणसं

या कायद्याचा फोलपणा सरकारच्याच आकड्यांनी उघडा पाडला. दर वर्षी किती जणांचा गट बदलला, हे गृहखातं संसदेत सांगायचं. १९८५ या एका वर्षात ७०२ कलर्ड माणसं कागदावर ‘गोरी’ झाली आणि १९ गोरी माणसं ‘कलर्ड’ झाली. २१ इंडियन ‘मलय’ झाले, तर ३० मलय ‘इंडियन’ झाले. एकही काळा माणूस गोरा झाला नाही आणि एकही गोरा काळा झाला नाही.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मधल्या गटांच्या सीमा इकडून तिकडे सरकवता येत होत्या, पण वरचा आणि खालचा दगड पक्का होता. मिश्र माणसांच्या वर्गीकरणाचा खरा उद्देश यातून दिसतो. त्यांचं मूळ शोधणं हा त्यांचा हेतू नव्हता. गोऱ्यांची तटबंदी राखायची आणि बाकीच्यांना आपसांत वाटून टाकायचं, यासाठी तो मधला रकाना होता.

त्या ५१ इंडियन-मलय अर्जांमागे कोण असेल याचा विचार करा. कुणी नवरा-बायको एका वस्तीत राहता यावं म्हणून, कुणी दुकान वाचावं म्हणून, कुणी म्हाताऱ्या आईजवळ राहता यावं म्हणून साहेबापुढे उभे राहिले असतील. रक्त बदलायला कुणीच जात नव्हतं. सगळे घर वाचवायला जात होते.

आपल्या माणसांनी काय केलं?

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. सगळा दोष सरकारचा म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. ‘मलय’ ही वेगळी ओळख मोठी करण्यात सरकारी अधिकाऱ्यांचा हात होता. आय. डी. डू प्लेसिस या गोऱ्या लेखकाने केप मलयांवर पुस्तक लिहिलं, त्यांच्या गायनमंडळांना उभारी दिली आणि पुढे तोच कलर्डांच्या सरकारी खात्याचा प्रमुख झाला. “तुम्ही कलर्डांपेक्षा वेगळे, तुमची संस्कृती शुद्ध” असा हा सूर. तो काही मुस्लिमांनाही आवडला. खालच्या पायरीपेक्षा आपली पायरी एक बोट वर आहे, हे समाधान माणसाला फार गोड वाटतं. इंडियनांनी मलयांना, मलयांनी कलर्डांना आणि सगळ्यांनी मिळून आफ्रिकींना कमी लेखायचं, अशी उतरंड तयार झाली. लग्नं जुळवताना ती घरात शिरली.

पण ही चौकट न मानणारेही होते. डॉ. अब्दुल्लाह अब्दुर्रहमान हे गुलामीतून सुटलेल्या आजी-आजोबांचे नातू. ग्लासगोला जाऊन डॉक्टर झाले, स्कॉटिश मुलीशी लग्न केलं आणि १९०४ मध्ये केपटाऊनच्या नगरपरिषदेवर निवडून आले. त्यांनी ‘मलयांचा नेता’ होण्याऐवजी सगळ्या कलर्ड माणसांच्या हक्काची संघटना चालवली. त्यांची मुलगी सिसी गूल पुढे त्याच नगरपरिषदेत बसली आणि सगळ्या काळ्या-सावळ्या माणसांची एकजूट मागत राहिली.

आणि इमाम अब्दुल्लाह हारून. क्लेअरमाँटच्या मशिदीचे तरुण इमाम. कागदावर त्यांची जागा मलयांत होती. ते मात्र लांगा, न्यांगा, गुगुलेथू या आफ्रिकी वस्त्यांत जात राहिले, तिथल्या घरांना गुपचूप मदत पोहोचवत राहिले, मिंबरवरून वर्णभेदाला इस्लामविरोधी म्हणत राहिले. मे १९६९ मध्ये त्यांना पकडलं. १२३ दिवस कोठडीत ठेवलं आणि २७ सप्टेंबरला त्यांचा तिथेच मृत्यू झाला. पोलिसांनी सांगितलं, जिन्यावरून पडले. जनाज्याला हजारो लोक लोटले. त्यांच्या घरच्यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. अखेर २०२३ मध्ये न्यायालयाने जुना निष्कर्ष रद्द केला आणि त्यांचा मृत्यू पोलिसांच्या छळामुळे झाल्याचं मान्य केलं.

सूरह हुजुरातमध्ये कबिले आणि कौमी कशासाठी आहेत ते सांगितलंय: एकमेकांची ओळख पटावी म्हणून. इमाम हारून यांनी ओळख आणि उतरंड यातला फरक आपल्या जिवाची किंमत मोजून दाखवला.

कायदा गेला, रकाना का राहिला?

मिश्र लग्नांवरची बंदी १९८५ मध्ये उठली. नोंदणी कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. १९९४ मध्ये सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून मत दिलं. पण जनगणनेच्या फॉर्मवर गटाचा रकाना आजही आहे. २०२२ च्या जनगणनेत ८१.४ टक्के लोकांनी स्वतःला काळे आफ्रिकी, ८.२ टक्क्यांनी कलर्ड, ७.३ टक्क्यांनी गोरे आणि २.७ टक्क्यांनी इंडियन किंवा आशियाई म्हटलं.

मग फरक काय पडला? एक मोठा फरक असा की, आता उत्तर कारकून लिहीत नाही, माणूस स्वतः देतो. दुसरा फरक हेतूचा. ज्यांना रकान्यामुळे मागे ठेवलं, त्यांचं नुकसान भरून काढायचं तर नुकसान मोजावं लागतं. १९९८ च्या रोजगार समता कायद्यात आफ्रिकी, कलर्ड आणि इंडियन या तिघांनाही ‘काळे’ या एकाच व्यापक शब्दात घेतलं. २००८ मध्ये न्यायालयाने चिनी वंशाच्या दक्षिण आफ्रिकी नागरिकांचाही त्यात समावेश केला. आपल्याकडे सच्चर समितीने मुसलमानांची आकडेवारी मांडली तेव्हाच मागासलेपण नाकारणं अवघड झालं, तसंच हे आहे. मोजल्याशिवाय न्याय मागता येत नाही.

तरीही मधल्या माणसाची तक्रार संपलेली नाही. “तेव्हा आम्ही पुरेसे गोरे नव्हतो, आता पुरेसे काळे नाही,” असं कलर्ड वस्त्यांत आजही बोललं जातं. केप भागातल्या तुरुंग खात्याच्या कलर्ड कर्मचाऱ्यांना, देशभराच्या प्रमाणानुसार तुमचा वाटा भरला आहे, असं सांगून बढत्या नाकारल्या गेल्या. वेस्टर्न केप प्रांतात तर कलर्ड लोकसंख्या फार मोठी. प्रकरण घटनापीठापर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रांतातलं प्रमाणही विचारात घ्यायला हवं होतं. चांगल्या हेतूचा रकानासुद्धा डोळे मिटून भरला तर माणसाला लागतो, हे त्यातून दिसलं.

जनुकशास्त्रज्ञांनी केपच्या कलर्ड समाजाचा अभ्यास केला तेव्हा त्यांना खोईसान, इतर आफ्रिकी, युरोपीय, दक्षिण आशियाई आणि आग्नेय आशियाई असे अनेक वारसे एकत्र सापडले. जगातल्या सर्वांत मिश्र समाजांपैकी हा एक. म्हणजे १९५० च्या कायद्याने ज्यांना ‘उरलेले’ म्हटलं, त्यांच्यात खरं तर सगळेच होते.

आपल्यासाठी यात काय आहे?

वंश हा जन्मखुणेसारखा अंगावर लिहिलेला नसतो. कुणीतरी प्रश्न ठरवतं, कुणीतरी रकाने आखतं आणि मग माणसाला त्यात बसवतं. म्हणून असा कुठलाही फॉर्म समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात. उत्तर कोण देणार, मी की दुसरा कुणी? या माहितीचं पुढे काय होणार, हक्क मिळणार की काढून घेतला जाणार? आणि उत्तर चुकलं तर ते बदलण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे? केपटाऊनमध्ये १९५० मध्ये या तिन्हींची उत्तरं माणसाच्या विरोधात होती. आज पहिलं उत्तर त्याच्या हातात आलं आहे, दुसऱ्यासाठी झगडा चालू आहे.

पण सरकारी फॉर्मपेक्षा जवळचा एक रकाना आपल्या घरात आहे. रिश्ता बघताना आपण रंग विचारतो. “मुलगी आपल्यातली आहे ना? कोकणी की दखनी? आई कुठली?” असं विचारतो. सिद्दी म्हटलं की काहींच्या कपाळावर आठी येते. परदेशात वाढलेल्या नातवाने आफ्रिकी किंवा मलेशियन मुलगी पसंत केली की आधी दीनाचं नाव निघत नाही, चेहऱ्याचं निघतं. आपल्या हातात पेन्सिल नाही म्हणून आपण निर्दोष, असं समजायचं कारण नाही.

पुढच्या ईदला केपटाऊनहून फोटो आला की घरातल्या लहान मुलांना तो जरूर दाखवा. “हे आपले की तिकडचे?” असं कुणी विचारलं, तर त्यांना त्या पणजोबांपासून सगळी गोष्ट सांगा. फोटोतल्या प्रत्येक चेहऱ्याला नावाने आणि नात्याने ओळखू द्या, ही फुफूची नात, हा चाचाचा पणतू. त्या घरातल्या माणसांना चाळीस वर्षं सरकारने आकडा दिला, नातं दिलं नाही. निदान आपण तरी त्यांना नात्याने हाक मारू या.